कचरा नव्हे, राब

सुमन,

तुझ्या दहाव्याला नदीवर बायकांनी येऊ नये असं भावकीतला बाळाराम म्हणाला. मी गेले. पिंड ठेवला आणि माणसं मागं सरायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांचे चेहरे सुटले. पोशीरची तुझी वहिनी डोळे पुसत म्हणाली, "काय इच्छा राह्यली नव्हती गं तिची." बाळाराम म्हणाला, "चला, लवकर मोकळे झालो." मी ओल्या दगडावर उभी होते. तुझी काय इच्छा राहिली होती ते मला माहीत होतं. तरी तू निवांत का गेलीस तेही मला माहीत होतं. मी तुला खोटं सांगितलं होतं, म्हणून.

उभ्या आयुष्यात थोरली जाऊ म्हणून मी तुझ्याशी भांडले, तुला टोचून बोलले, तुझ्या हातची डाळ आळणी म्हणून परत केली. पण खोटं कधी बोलले नव्हते. ते एकदाच बोलले आणि तेच शेवटचं ठरलं. ते तसंच ठेवून मला चालणार नव्हतं. त्याचं काय केलं ते सांगायला हे लिहिते आहे.

तुझा जीव अडकला होता एका कागदात. त्या कागदावर एक ओळ होती आणि ती माझ्या तोंडून गेली होती.

गेल्या वैशाखात साजगावच्या बाजूचा तो कारखाना वाढवायचा म्हणून शाळेच्या पटांगणात मांडव घालून बैठक घेतली. लोकांचं म्हणणं लिहून घ्यायला सरकारी माणसं आली होती. पुढच्या रांगेत कारखान्याचा माणूस होता, पांढऱ्या शर्टाचा. तू आठ दिवस तयारी केली होतीस. तू सातवी पास, मी चौथी, त्यामुळं आपल्या घरात लिहिण्याचं काम पहिल्यापासून तुझंच. तू वहीतून वाचून दाखवलंस. पहाटे धूर सोडतात. वालाच्या पानावर हात फिरवला तर बोट काळं होतं. म्हातारी माणसं खोकून खोकून बसलेली झोपतात. आवाज जरा कापत होता पण शब्द सरळ होते. मला तुझा अभिमान वाटला. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

मग तो पांढऱ्या शर्टाचा उठला. नाक वर करून त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "हा आत्ता जो वास येतोय, तो आमचा आहे का?"

त्या दिवशी आपल्याच खालच्या शेतात राब भाजत होता. अर्ध्या गावाचा भाजत होता. धूर मांडवाच्या कापडाखाली फिरत होता, पुढारी डोळे चोळत होते आणि सगळे जमिनीकडं बघत होते. मला ते जमलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "नाय, ह्यो आमचा हाय. आमी राब भाजतो."

तू वळून माझ्याकडं बघितलंस. ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे.

लिहून घेणारा घाटावरचा होता. तिकडं राब नसतो. त्यानं पेन थांबवून विचारलं, "राब म्हणजे?"

"भाताचं रोप करायची जागा भाजतात. खाली शेन, वर कवळं म्हंजे तोडलेल्या डहाळ्या, वर पातेरा, वर माती. मंग पेटवायचं."

"पातेरा म्हणजे?"

"अवो, झाडाचा पाला. गळून पडल्याला."

"म्हणजे कचरा जाळता."

माझे गुडघे दुखत होते. ऊन उतरत नव्हतं. आणि त्याला पहिलीपासून शिकवायचा मला कंटाळा आला. मी म्हणाले, "हां, कचराच म्हना."

त्यानं लिहिलं. मला वाटलं, झालं.

आपल्या बोलण्यात शेतातला कचरा म्हणजे पाला, काडी, गवताचं मूळ. त्याच्या लिहिण्यात कचरा म्हणजे काय, ते मला श्रावणात कळलं, बैठकीच्या नोंदीची नक्कल हातात आल्यावर. तू ओट्यावर बसून वाचलंस. आधी मनात, मग मोठ्यानं. "गावात कचरा जाळण्यात येतो व परिसरातील धूर त्यामुळे होतो, असे उपस्थित ग्रामस्थ महिलेने सांगितले." पुढं कारखान्याचं म्हणणं होतं, की गावकरीच कबूल करतात तर आमच्याकडं बोट कशाला.

राब वर्षातून एकदा भाजतात. दोन दिवस, तीन दिवस. कचरा बाराही महिने जळतो. एका शब्दानं दोन दिवसांचं वर्ष केलं.

"ही ग्रामस्थ महिला तूच ना गं बाय?" तू विचारलंस.

"मीच."

"आनि त्वांड?"

"तेबी माझंच."

तू कागदाची घडी केलीस, पदराला बोटं पुसलीस आणि आत गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणालीस, "तुमी चा घेतला का?"

तुमी. लग्न होऊन पोशीरहून आलीस तेव्हा वर्षभर तू मला तुमी म्हणत होतीस. मग एकदा आवणात, भात लावताना, मी घसरले आणि चिखलात बसले, तेव्हा हसता हसता तुझ्या तोंडून गेलं, "ऊठ गं बाय, म्हैस दिसत्येस." त्या दिवसापासून तू. दोघींचे नवरे गेले, वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तरी तू. आणि आता या कागदापायी तुमी. शिवी दिली असतीस तर परवडलं असतं. तरीही रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर झाकलेली वाटी असायची, कधी भाजी, कधी सुकटीची चटणी. न बोलता ठेवायचीस आणि न बोलता रिकामी उचलायचीस. मी ती वाटी एकदाही परत केली नाही. आभारही मानले नाहीत. आता मानते.

आपलं भांडण नेमकं कशावर होतं हे गावाला कधी कळलं नाही. लोकांना वाटलं, थोरलीनं धाकटीचं काम बिघडवलं. तेवढंच नव्हतं. तू म्हणायचीस, सगळा धूर त्यांचा. मी म्हणायचे, सगळा नाही. न्हाणीची चूल पेटवायला मी दुधाच्या पिशव्या वापरायचे, ते तुला माहीत होतं. बांधापलीकडच्या वीटभट्टीवाल्याला आपण माती विकली होती. रस्त्यावरच्या ट्रकांमधून आपल्याच घराचं सिमेंट आलं होतं. माझं म्हणणं, अंगणात आपली घाण असेल तर दुसऱ्याच्या अंगणाकडं बघून ओरडायचं तोंड मला नाही. तू म्हणालीस, "तुमचं खरं हाय. पन तुमी खरं अर्धंच सांगता. अर्धं सांगितलं की ज्याला पायजे तो त्याचं पुरं करून घेतो."

तुझं बरोबर होतं. पण हे तुझ्यासमोर कबूल करायचं राहून गेलं.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि धूर खाली बसायला लागला. थंडीत आपल्या खोऱ्यात टोपावर झाकण ठेवल्यासारखं होतं. सकाळी घाटातल्या गाड्यांचे दिवे दिसतात, गाड्या दिसत नाहीत. तेव्हाच तुझा खोकला वाढला. तू खोपोलीच्या डॉक्टरकडं जाऊन आलीस. त्यानं सांगितलं, डोळ्याला दिसतो तो कण नाकात अडकतो, शिंकून बाहेर पडतो. दिसत नाही तो आत जातो आणि बसतो. मैद्याच्या चाळणीतूनसुद्धा सहज जाईल इतका बारीक. तू घरी येऊन मला हे सांगितलंस आणि म्हणालीस, "तुमी बगता तो धूर येगळा, मला लागतो तो येगळा."

दुसऱ्या दिवशी भावजींचं जुनं धोतर फाडलंस. चार तुकडे केलेस. प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा शिवलास. एक तुझ्या अंगणात, एक हायवेच्या बाजूच्या आंब्याला, एक माझ्या चुलीवर, आणि एक वहिनीकडं पोशीरला पाठवलास. मी विचारलं, "पोशीरला कशाला?" तू म्हणालीस, "तिथं कारखाना नाय. पांढरा राह्यला की त्यांच्या नाकासमोर धरीन." आठ दिवस टांगायचे, मग शेजारी शेजारी ठेवून बघायचे. सातवी शिकलेल्या बाईनं काढलेली युक्ती. मी हसले. मला हसायला नको होतं.

आठ दिवसांनी ओट्यावर चारही फडकी मांडलीस. सगळ्यात काळं निघालं माझ्या चुलीवरचं. तू बराच वेळ त्याच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि तुझा चेहरा सरळ राहिना.

"बाय," तू म्हणालीस, "पयला नंबर तुझा गं! कारखान्याला हरवलंस तू."

मी म्हणाले, "मंग बक्षीस दे."

तू इतकी हसलीस की खोकला लागला, आणि मी तुझी पाठ चोळली. श्रावणापासून तुमी होते, त्या दिवशी पुन्हा तू झाले. तुझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. माझ्या आलं.

मग पोशीरचं फडकं हातात घेतलं. ते पांढरं नव्हतं. आपल्या अंगणातल्याइतकं काळं नव्हतं, पण राखाडी होतं, आणि बोटाला चिकटत होतं. चुलीची काजळी झटकली की उडते. ही उडत नव्हती. साबणानंसुद्धा गेली नाही. मी जिंकल्यासारखी म्हणाले, "काय गं, पोशीरला कारखाना कुटं हाय? तुझ्या वयनीनं घातला का परसात?"

तू चारही फडकी गोळा करून घेऊन गेलीस. दिवा लावायच्या वेळी येऊन म्हणालीस, "तो भट्टीचा असंल. नायतर लांबून आलेला असंल, पनवेलकडनं, मुंबईकडनं. आपला त्यांच्याकडं जात असंल, त्यांचा आपल्याकडं. शेताला बांध असतो, हवेला कुटं हाय?"

"मंग भांडायचं कुनाशी?" मी विचारलं.

"आधी मोजायचं. कुनाचा किती ते मोजायचं. मंग ज्याचा त्याच्याशी."

त्या दिवशी आपण एकाच बाजूला आलो. तू म्हणालीस, पहिलं काम ती ओळ बदलायची. कचरा खोडून राब लिहायचं, आणि राब कधी भाजतात, किती दिवस, तेही. अर्ज मी द्यायचा, कारण बोललेली मी. मी हो म्हणाले. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. मी अर्ज दिला नाही. तू विचारायचीस, मी म्हणायचे, देते गं. खरं कारण सांगते. अर्जात लिहावं लागलं असतं की मी बोलले ते चुकलं. ते कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागलं असतं, त्यानं ते वाचलं असतं आणि गावात सांगितलं असतं. एवढ्याशा लाजेपायी मी दोन महिने घालवले. ते तुझे शेवटचे दोन महिने होते.

माघात तुला दवाखान्यात नेलं. तोंडावर ती वाफेची पट्टी, मास्क म्हणतात ती, नाकात नळी. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलू देऊ नका. मी आत आले तशी तू पट्टी खाली ओढलीस.

"दिलास का?"

मला काय विचारतेस ते कळलं. तुझे ओठ निळे झाले होते. पट्टी वर चढवायची होती. मी म्हणाले, "दिला."

"कुनाकडनं लिवून घेतलास?"

"मीच लिवला."

तू डोळे मिटून हसलीस. "मंग वाचनार कोन गं?"

मी पट्टी तुझ्या तोंडावर बसवली. तुझं माझं शेवटचं बोलणं एवढंच. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

आता तुझ्या मागं काय झालं ते ऐक.

तेरावं झालं त्या संध्याकाळी बाळाराम दोन माणसं घेऊन आला. कारखान्याची पुढची बैठक खालापूरला होणार होती. त्यानं कागद तयार करूनच आणला होता. सुमन या बाईचा मृत्यू कारखान्याच्या धुरामुळं झाला, असं घरच्यांचं म्हणणं, आणि खाली माझी सही. म्हणाला, "बाय, आता तुझ्याच हातात हाय. गेलेल्या मान्साचं वजन पडतं." मी विचारलं, "तुला म्हायती हाय ती कशानं गेली?" तो म्हणाला, "सगळ्या गावाला म्हायती हाय." मी म्हणाले, "मंग सगळ्या गावाची सही घे. मला म्हायती नाय."

बाळाराम गेला तसा महेश पुढं आला. तुझा मुलगा दोन वर्षं त्याच कारखान्यात कंत्राटावर आहे, हे मी तुला सांगायला नको. तुझ्यासमोर तो कधी बोलला नाही, माझ्यासमोर बोलला. "मोठी आई, तू बरं केलंस. आता खालापूरलाबी जाऊ नको. आईचं नाव काडलं की माझं नाव निगंल. घरात आता मीच कमावता हाय."

एकाला माझी खोटी सही हवी होती आणि दुसऱ्याला माझं तोंड बंद हवं होतं. दोघांनाही तुझ्याबद्दल वाईट वाटत होतं, हेही मी बघत होते. मी महेशला तुझी आणि माझी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. तो खाली टेकला. मग म्हणाला, "म्हंजे अर्ज दिलाच नाय?"

"नाय."

"आनि लिवनार कोन?"

"मी. तिला तसंच सांगितलंय."

चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. तुझीच वही घेतली, मागची कोरी पानं. तीन दिवस लागले. पहिला कागद फाडला कारण त्यात रडगाणं आलं होतं. दुसरा फाडला कारण त्यात शिव्या आल्या होत्या. तिसऱ्यात एवढंच लिहिलं, की गेल्या बैठकीत मी राब म्हणाले, त्याचं कचरा झालं, आणि ते होऊ देण्यात माझी चूक आहे. राब म्हणजे काय, कधी भाजतात, किती दिवस. आमच्या घरात चूल आहे, न्हाणीला प्लास्टिक जाळत होते, आता बंद केलं. मग वीटभट्टी, खडी क्रशर, घाटातले ट्रक, कारखान्याची धुराडी, आणि लांबून येतं ते. कुणाचा किती ते आम्हाला माहीत नाही. म्हणून बाराही महिने मोजा. राबाच्या दिवसांतही मोजा. पहाटेही मोजा.

बैठकीच्या दिवशी मी एसटीसाठी निघाले तर महेश फटफटी घेऊन दारात उभा. म्हणाला, "बस." खालापूरला फाटकाशी सोडलं आणि तिथंच थांबला. लपला नाही. पांढऱ्या शर्टाचा आत जाताना त्याच्याकडं बघून गेला, ते मी बघितलं.

आतले साहेब या वेळी दुसरे होते, वयानं लहान. कागद हातात घेऊन म्हणाले, "आजी, अक्षर लागत नाही. तुम्हीच वाचून दाखवता का?" मला हसू आलं. तू विचारलं होतंस ना, वाचणार कोण? मी उभी राहिले आणि वाचलं. अडखळत वाचलं. दोनदा ओळ चुकले, परत मागं गेले. कुणी हसलं नाही.

पांढऱ्या शर्टाचा म्हणाला, "म्हणजे आजी, तुमचाही धूर आहे हे मान्य?"

"मान्य," मी म्हणाले. "मी पयल्यापासून मान्य करत्ये. तुमी कवा करनार तेवडं सांगा."

मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी गप्प बसायला सांगितलं. तो माणूस चिडला नाही, शिकलेला होता. म्हणाला, बारीक धूळ बाहेरून येते, शहरांकडून येते, त्याला आम्ही काय करणार? मी म्हणाले, "भाऊ, बाहेरनं येतं म्हंजे कुनाच्या तरी घरातनंच निगतं ना? तुमचं घर त्यांच्यासाठी बाहेरच हाय." साहेबांनी पेन उचललं आणि मला विचारलं, "तुमच्या शब्दांत काय लिहू?"

"राब लिवा. काना, मात्रा काय नाय. र ला काना, ब."

ते म्हणाले, "आजी, र ला काना आहे की."

मी म्हणाले, "तेवडाच हाय."

त्यांनी लिहिलं. मी म्हणाले, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, दोन ते तीन दिवस. "कचरा जाळण्यात येतो" ही ओळ चुकीची नोंद म्हणून दुरुस्त धरावी. मी म्हणाले, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मग मी सही केली. नक्कल मागितली, ती शिक्का मारून दिली. ती तुझ्या वहीत आहे.

सुमन, दवाखान्यात बोलले ते आता खरं झालं. उशिरा झालं. तुझ्यासाठी नको तितक्या उशिरा, हे मला कुणी सांगायला नको.

एक सांगते, ते तुला आवडणार नाही. त्या बैठकीत मला साहेबांनी विचारलं, तुमच्या घरात कुणाला त्रास झाला का? मी तुझं नाव सांगितलं. खोकला सांगितला, थंडी सांगितली, दवाखाना सांगितला. कशानं गेली असं विचारलं तेव्हा म्हणाले, माहीत नाही. बाळाराम हे ऐकून माझ्याशी बोलेनासा झाला आहे. म्हणतो, मेलेल्या जावेलाही थोरलीनं सोडलं नाही. पण मी काय करू? तीस-पस्तीस वर्षं तू माझ्या चुलीसमोर भाकऱ्या थापल्यास, वेगळं व्हायच्या आधी आणि नंतरही, सणासुदीला. साजगावला कारखान्यात गोण्या शिवायला गेलीस तेव्हाची धूळ वेगळी. माझ्या न्हाणीचा धूर तुझ्याच खिडकीत जायचा. तुझ्या छातीत त्यांचा किती होता आणि माझा किती, हे मला रोज वाटतं. वाटणं लिहून देता येत नाही. त्यांच्यावर सगळं टाकलं तर मी सुटते, आणि मला तसं सुटायचं नाही. माझ्यावर सगळं घेतलं तर ते सुटतात, आणि त्यांनाही मी सोडणार नाही.

महेशची नोकरी अजून आहे. "अजून तरी" म्हणतो. रात्रपाळी लावली आहे त्याला. गॅसवर त्याच्यासाठी मी स्वयंपाक करते. भाकरी गॅसवर चांगली होत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. पण करते.

आणि शाळेच्या भिंतीवर पेटी आली. साहेबांनी कुठल्याशा कॉलेजला कळवून ती लावून घेतली. चपलांच्या खोक्याएवढी आहे. दिसत नाहीत ते कण ती मोजते आणि आकडा पडद्यावर येतो. शाळेच्या बाई तो रोज फळ्याशेजारी लिहून ठेवतात, आणि मी रोज जाऊन बघते. आकडा मला वाचता येतो. सकाळी जास्त, दुपारी कमी. ज्या पहाटे धुराडं जोरात असतं त्या दिवशी काय होतं, तेही मी तुझ्या वहीत उतरवून ठेवते. गावातले काही जण बाईंना भेटून आले. म्हणाले, राबाचे दोन-तीन दिवस पेटी बंद ठेवा, आपलंच नाव खराब होईल. बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, बंद केलीत तर मी शाळेच्या पायरीवर येऊन बसेन.

कवळं तोडून झाली आहेत. शेण पसरलं, पातेरा टाकला, माती ओढली. खालच्या वाफ्यात या वर्षी अर्ध्याच जागेवर राब केला आहे. उरलेल्या अर्ध्यावर न भाजता, शेणखत घालून रोप टाकणार आहे. तू दोन वर्षं मागं लागली होतीस. मला खात्री नाही की ते येईल. गवत माजेल असं अजूनही वाटतं. आलं नाही तर आलं नाही, पण करून बघणार आहे.

उद्या सकाळी पेटवते. वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे सावकाश भाजेल. आकडा चढेल. चढू दे. तो आमचा. तीन दिवसांनी राब विझेल, राख थंड होईल, तेव्हा परत शाळेत जाऊन बघेन, आकडा कुठं येऊन थांबतो ते. आमचं विझल्यावरही जे हवेत उरेल, ते कुणाचं, हे विचारायला मी पुन्हा खालापूरला जाणार आहे.